साभार परत आलेली प्रेमकथा: लिहिणे, दुरुस्त करणे, पुन्हा पाठवणे

प्रेमकथा लिहायला बसणाऱ्याने पहिले वाक्य कागदावर उतरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते शोधून ठेवावे. गोष्टीतल्या या दोघांनी आज संध्याकाळीच एकमेकांना होकार दिला आणि उद्या सकाळी घरी सांगून टाकले, तर नेमके काय अडते? या प्रश्नाला भरीव उत्तर नसेल, तर भाषा कितीही गोड असली आणि पावसाची वर्णने कितीही सरस उतरली असली, तरी कथा दहाव्या पानाच्या आसपास थांबते. त्यापुढे ती नुसती लांबते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीत लिहिणाऱ्या अनेकांची हस्तलिखिते गेली काही वर्षे माझ्याकडे वाचायला येत आहेत, आणि माझ्या स्वतःच्या कथाही पुष्कळ वेळा ‘साभार परत’ आल्या आहेत. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. प्रेमकथा परत येते ती बहुधा तिच्यात प्रेम कमी पडल्यामुळे नव्हे, तर तिच्यातला अडसर खोटा असल्यामुळे. नकाराचा कागद शांतपणे वाचता आला, तर तोही बहुतेक वेळा याच जागी आणून सोडतो.

अडसर कोठे सापडतो

एका फोनने मिटणारा गैरसमज हा खोटा अडसर होय. नायकाने नायिकेला चुलतभावाबरोबर दुचाकीवर पाहिले आणि तो सहा महिने बोलला नाही, ही घटना आज वाचकाला पटत नाही, कारण वाचकाच्या मनात लगेच येते की विचारले का नाही. कारण नसताना दुष्ट असलेला बापही तसाच. बाप विरोध करत असेल तर त्याच्या बाजूने विचार केल्यावर त्याचे म्हणणे खरे वाटले पाहिजे, इतके की वाचकाने क्षणभर त्याच्या बाजूला जाऊन बसावे.

खरे अडसर शोधण्यासाठी आपल्या भागातल्या लेखकाला दूर जावे लागत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि आसपासच्या खेड्यांत फौजेत कोणी नाही असे घर शोधावे लागते. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत ‘अग्निवीर’ म्हणून भरती होताना उमेदवार अविवाहित असावा लागतो, सेवेची मुदत चार वर्षांची असते, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम सेवेत घेतले जाते. आता मुलीच्या बापाने ‘नोकरी पक्की आहे का?’ एवढेच विचारले, तर त्यात दुष्टपणा काहीच नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर चार वर्षे कोणाकडेच नसते, आणि चार वर्षांत त्या मुलीला किती स्थळे येतील याचा हिशोब आई रोज मनात करत असते. हा अडसर मी शोधून काढलेला नाही. तो आपल्या गल्लीत उभा आहे, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहा कथांपैकी नऊ कथांत नायक कोणत्यातरी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतो.

दुसरे उदाहरण कायद्यातले देते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचे असेल, तर दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिला आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि हरकत न आल्यास ३० दिवसांनंतर लग्न लागते. शिवाय दोघांपैकी कोणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवून तेथेही लावली जाते. म्हणजे खानापूरची मुलगी पुण्यात नोकरी करते, तिने तिथे गुपचूप अर्ज केला, आणि दोन आठवड्यांनी तिच्याच जिल्ह्याच्या कचेरीतल्या भिंतीवर तिचे नाव लागले. दस्ताच्या कामासाठी आलेला काकांचा एखादा ओळखीचा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला, की कथेला वेगळा खलनायक लागत नाही. तीस दिवसांची मुदत कथेला आपोआप ताण देते, कारण वाचकही दिवस मोजू लागतो.

भाषेचा अडसर आपल्याकडे सर्वांना प्रथम सुचतो, आणि म्हणूनच तो सर्वात जपून हाताळावा लागतो. मराठी मुलगा आणि कन्नड मुलगी एवढे म्हटल्याने कथा होत नाही. बाजारात, शेतात आणि कारखान्यात दोन्ही भाषा बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत, आणि ‘अक्का’, ‘अण्णा’ या हाका दोन्ही घरांत सारख्याच ऐकू येतात. अडते ते दुसरीकडे: मुले कोणत्या माध्यमाच्या शाळेत जातील, देवघरात कोणता देव बसेल, सासूशी पहिली दोन वर्षे कोणत्या भाषेत बोलायचे. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी भाषकांकडून काळा दिन पाळला जातो. त्या दिवशी दोन घरांतली दोन माणसे एकमेकांना फोन करतात की करत नाहीत, एवढ्या एका निर्णयावर एक संपूर्ण प्रकरण उभे राहू शकते. मात्र लेखकाने तिथे भाषण करू नये. वादात कोणाची बाजू बरोबर हे सांगण्यासाठी लेख लिहावा. कथेत त्या संध्याकाळी त्या मुलीच्या हातातला फोन पाहावा.

बाहेरचा अडसर सापडला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे असे, की त्याच अडसराला माणसाच्या आतली एखादी जुनी दुखरी जागा लागली पाहिजे. अग्निवीराची कथा घेतली तर नायिका चार वर्षे थांबायला का कचरते? समजा, ती खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. तिचे वडील कामासाठी गोव्याला गेले, सणासुदीला येतो म्हणत राहिले, आणि तिचे बालपण आईबरोबर चोर्ल्याच्या बाजूने येणाऱ्या बसची वाट पाहण्यात गेले. वाट पाहणे म्हणजे काय हे तिला ठाऊक आहे, आणि आईसारखे व्हायचे नाही असे तिने लहानपणीच ठरवले आहे. आता मुलाने ‘माझ्यासाठी थांब’ म्हटले की त्याला जे प्रेमाचे वचन वाटते ते तिला शिक्षेसारखे ऐकू येते. दोघांपैकी कोणीही चुकत नाही, आणि तरी दोघे अडकले आहेत. लिहायला सुरुवात करण्यासाठी एवढी तयारी पुरेशी आहे. बाकीचे पात्रे स्वतः सांगू लागतात.

तू आणि तुम्ही

मराठी प्रेमकथेला एक देणगी भाषेनेच दिली आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लेखक जाणीवपूर्वक करतात. दोन माणसे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात तो क्षण. हा क्षण कोणत्या पानावर यावा, कोणाच्या तोंडून प्रथम यावा, दुसऱ्याने तो ऐकून न ऐकल्यासारखे करावे की लगेच उलट ‘तू’ म्हणावे, हे सर्व आधी ठरवावे. कन्नडमध्येही ‘नीवु’ आणि ‘नीनु’ असा हाच भेद आहे. तेव्हा दोन्ही भाषा बोलणारी जोडी एका भाषेत जवळ येऊन दुसऱ्या भाषेत अजून अंतर राखून असू शकते. लग्नानंतर काही घरांत हीच वाट उलटी चालावी लागते, चारचौघांत ‘तू’चे पुन्हा ‘अहो’ होते, आणि त्यातही कथा आहे.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि संवाद ज्याच्या त्याच्या बोलीत ठेवावेत, असा माझा सल्ला आहे. आपल्याकडच्या मुली ‘मी येते’ असे म्हणत नाहीत, ‘मी येतो’ म्हणतात. बेळगावात ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ ही रूपे घराघरांत आहेत, आणि ‘बसा की’, ‘होय की’ यांतला ‘की’ काढला तर बोलणारा परका वाटू लागतो. हे सारे पहिल्या दोन पानांत कोंबू नये. वाचकाचा कान हळूहळू तयार होऊ द्यावा, आणि एखादे कन्नड वाक्य आले तर त्याचा अर्थ पुढच्या पात्राच्या उत्तरातून कळेल अशी रचना करावी. पुण्यामुंबईच्या वाचकासाठी नायिकेला पुण्याची भाषा बोलायला लावणे ही चूक मी स्वतः केली आहे. ती कथा कोणालाच आवडली नाही, ज्यांच्यासाठी भाषा बदलली त्यांनाही नाही.

शेवटाबद्दल थोडक्यात सांगते. प्रेमकथेचा वाचक आशेवर वाचत असतो. आपल्याकडे वियोगात संपणाऱ्या प्रेमकथांनाही मान आहे, पण शेवट कोणता हे अर्धी कथा होण्याआधी ठरलेले असावे, म्हणजे अखेरच्या पानावर अपघात किंवा आजार आणून सुटका करून घ्यावी लागत नाही.

पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागे वळून दुरुस्ती करू नये. रोज ५०० शब्द लिहिले तर ८,००० शब्दांची दीर्घकथा सोळा दिवसांत उभी राहते. नंतर ती तीन आठवडे कपाटात ठेवावी आणि मग मोठ्याने वाचावी. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांत कथाकथनाची संधी मिळाली तर ती सोडू नये, कारण समोर बसलेली माणसे कथेचे परीक्षण लिहीत नाहीत, पण ती कोठे चुळबुळ करू लागतात हे स्पष्ट दिसते. तेथून परतल्यावर, विसरण्याआधी, त्या जागा हस्तलिखितात पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात.

कोठे आणि कसे पाठवावे

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली, आणि नव्या कथालेखकासाठी आजही तेच सर्वात मोठे दार आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत असली तरी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू असते, त्यामुळे गणपतीनंतर पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाची ठरते. मे अखेरीपर्यंत कथा तयार असावी. ज्या अंकाकडे कथा पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात बसून वाचावेत. कोणता अंक दीर्घकथा घेतो, कोणता दोन हजार शब्दांपुढे जात नाही, कोणाला ग्रामीण वातावरण चालते आणि कोणाला नाही, हे तेथेच कळते. आणि परत येणाऱ्या कथांपैकी बऱ्याच कथा केवळ चुकीच्या दारावर गेल्यामुळे परत येतात.

कथा युनिकोडमध्ये टंकलेली असावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिखल होतो, आणि संपादक ती पुन्हा मागवतीलच असे नाही. सोबतचे पत्र आठ-दहा ओळींचे पुरे: कथेचे नाव, शब्दसंख्या, ती पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही हे निवेदन, स्वतःची दोन ओळींची ओळख आणि पत्ता. कथेचे सार किंवा तिच्यामागची प्रेरणा पत्रात सांगू नये. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांकडे पाठवू नये, कारण दोन्हीकडे छापली गेल्यास दोन्ही दारे कायमची बंद होतात. कादंबरीची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशकांकडे एकाच वेळी विचारणा करता येते, मात्र तसे पत्रात प्रामाणिकपणे लिहावे, आणि पूर्ण हस्तलिखिताऐवजी सारांश व पहिली तीन प्रकरणे मागितली असतील तर तेवढीच पाठवावीत.

‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन ठिकाणी मराठी प्रेमकथांना मोठा वाचक आहे आणि भागाभागांनी लिहिण्याचा सराव तेथे उत्तम होतो, पण तेथे टाकलेली कथा दिवाळी अंकाच्या दृष्टीने प्रसिद्ध झालेली असते, हे आधी ध्यानात घ्यावे. कथा चोरीला जाईल या भीतीने ती कोणालाच न दाखवणारे लेखकही मला भेटतात. स्वामित्वहक्क लिहिताक्षणीच लेखकाकडे असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. पाठवलेल्या इमेलची तारीख जपून ठेवली म्हणजे पुरे.

नकार आल्यावर

नकार तीन प्रकारे येतो. सर्वात जास्त वेळा काहीच उत्तर येत नाही, काही वेळा ठरावीक मजकुराची ‘साभार परत’ची चिठ्ठी येते, आणि क्वचित एखाद्या संपादकाने स्वतः लिहिलेली एखादी ओळ येते. या तिघांचे वजन सारखे नाही. मौनातून कथेविषयी काहीही निष्कर्ष काढू नये. दिवाळी अंक बाजारात आला आणि त्यात आपण नाही, की ती कथा मोकळी झाली असे समजून पुढच्या पत्त्याची तयारी करावी. छापील चिठ्ठीतूनही फारसे कळत नाही, कारण जागा भरली, तशाच विषयाची दुसरी कथा आधीच घेतली, अशी कारणेही त्याच चिठ्ठीने कळवली जातात. हाताने लिहिलेली ओळ मात्र सोन्यासारखी जपावी, ती कितीही टोचली तरी.

माझ्या एका दीर्घकथेचा प्रवास सांगते, कारण त्यातून पद्धत कळेल. ती पहिल्यांदा परत आली तेव्हा मी रात्रभर जागून तिचा शेवट बदलला. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा सुरुवात बदलली. तिसऱ्या वेळेपर्यंत तिच्यात माझी मूळ कथा उरलीच नव्हती, आणि ती तिसऱ्यांदाही परत आली. चौथ्या संपादकांनी चिठ्ठीखाली पेनाने एवढेच लिहिले होते, की नायिका मुलाला नकार का देते हे त्यांना समजले नाही. त्या ओळीचा मला आठवडाभर राग आला. नंतर जुनी वही काढली तेव्हा दिसले, की माझ्या एका मैत्रिणीने पहिला खर्डा वाचून हेच विचारले होते आणि मी तिला समजावून गप्प केले होते. मी कथा पहिल्या रूपात परत आणली, सुरुवात आणि शेवट होते तसे ठेवले, आणि नकाराआधी तिच्या वडिलांचा एक प्रसंग दोन पानांत लिहिला. एवढीच दुरुस्ती होती. त्यानंतरही ती आणखी दोनदा परत आली, पण त्या दोन्ही वेळी मी तिला हात लावला नाही, कारण आता ती कोठे पक्की आहे हे मला ठाऊक होते. सातव्या ठिकाणी ती स्वीकारली गेली.

तेव्हापासून मी हा नियम पाळते. एका नकारावर काहीही बदलायचे नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन वाचकांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर ती जागा सदोष आहे असे मानायचे आणि तेवढीच दुरुस्त करायची; त्यांनी सुचवलेला उपाय घेतलाच पाहिजे असे नाही, कारण वाचकाला दुखते कोठे हे अचूक कळते, औषध मात्र लेखकालाच शोधावे लागते. यासाठी एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात कथा कोणाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या रूपात गेली, काय उत्तर आले आणि पुढचा पत्ता कोणता, हे लिहावे. पुढचा पत्ता पाठवण्याच्या दिवशीच लिहून ठेवावा. नकाराच्या दिवशी नवा पत्ता शोधण्याचे बळ नसते. आधीच लिहिलेल्या पत्त्यावर पाठवण्याइतके मात्र असते. एक कथा बाहेर असताना दुसरी लिहिण्यात असावी, हेही तितकेच गरजेचे आहे, कारण रिकाम्या मेजाजवळ बसून टपालाची वाट पाहणे फार कठीण जाते.

सीमाभागातल्या लेखकाच्या मनात एक वेगळे शल्य असते आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. कथा परत आली की वाटते, आपली बोली तिकडच्यांना नको आहे, आपला गाव त्यांच्या नकाशात नाही. कधीकधी हे खरेही असते. पण ते खरे आहे की नाही हे एका चिठ्ठीवरून ठरत नाही. संपादकाने बोलीचा उल्लेख केला असेल, तर तीच कथा ग्रामीण किंवा प्रादेशिक लेखन आवर्जून छापणाऱ्या अंकाकडे, अथवा बेळगाव-कोल्हापूरच्या दैनिकांच्या पुरवण्यांकडे पाठवून पाहावी. तेथेही कोणी त्याच प्रसंगाबद्दल तक्रार केली, तर दोष बोलीत नाही, प्रसंगात आहे. ही तपासणी केल्याशिवाय मनात कडवटपणा साठू देऊ नये. तो कथेत उतरतो.

वारंवार नकार आलेल्या लेखकाला एक प्रस्ताव हमखास येतो: निर्मितीखर्च लेखकाने द्यावा, पुस्तक आम्ही काढू. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण काय विकत घेत आहोत हे कळले पाहिजे. किती प्रती छापणार, त्यांतल्या किती लेखकाला मिळणार, उरलेल्या कोणत्या दुकानांत जाणार, आणि मानधन छापील किमतीवर मोजणार की हाती आलेल्या रकमेवर, हे लेखी घ्यावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला तो कागद दाखवावा.

स्वीकृतीचे पत्र आले तरी काम संपत नाही. मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासायला मागावीत आणि ती ओळ न ओळ वाचावीत, विशेषतः संवाद. माझ्या त्या कथेच्या मुद्रितात नायिकेच्या तोंडचे ‘येतो’ सात ठिकाणी शुद्ध करून ‘येते’ केलेले होते. ती सातही ठिकाणे मी लाल शाईने पूर्ववत केली, आणि प्रत्येक ठिकाणी समासात लिहिले: बोली आहे, तशीच ठेवावी.